मंगळवारी आणि शनिवारी सरकणारा भूपट्ट

२ फेब्रुवारी, मंगळवार

गवंड्याशी बोलणं पक्कं झालं. शुक्रवारी सकाळी येतो म्हणाला. गच्चीच्या पश्चिम कडेला सात फूट उंच भिंत, या टोकापासून त्या टोकापर्यंत, मध्ये एकही भोक नको, असं बजावून सांगितलं आहे. "हवेसाठी जाळी ठेवू का?" असं त्याने विचारलं. म्हटलं, त्या बाजूची हवा आम्हाला नको.

त्या बाजूला धाकट्याचं घर आहे. धाकटा म्हणजे माझा सख्खा भाऊ. वडिलांनी दोघांसाठी शेजारी शेजारी दोन घरं बांधली आणि मध्ये आठ फुटांचा बोळ ठेवला. माझ्या घराच्या तळमजल्यावर माझं घड्याळदुरुस्तीचं दुकान, त्याच्या तळमजल्यावर त्याचं चष्म्याचं. सहा वर्षं आमचं बोलणं नाही. वडील त्याच्याकडे राहायचे, त्यामुळे ते गेले तेव्हा त्यांचं लंबकाचं घड्याळ त्याच्या बैठकीत होतं. मी म्हटलं, घड्याळ मी नेतो. तो म्हणाला, "दादा, तुझ्याकडे दुकानभर घड्याळं आहेत. एक माझ्याकडे राहू दे की." चार माणसांत म्हणाला. मी एक अक्षर न बोलता निघून आलो. घरी आल्यावर लक्षात आलं की किल्ली माझ्याच खिशात राहिली. दर रविवारी किल्ली मीच द्यायचो ना. ती अजून माझ्या टेबलाच्या खणात आहे. घड्याळ आठवड्याभरात बंद पडलं असणार. तसली किल्ली बाजारात कुठेही मिळते, पण सहा वर्षांत त्याने आणली नाही. पहिल्यापासून आळशी.

भिंतीचं ऐकून ही नुसतं "बरं" म्हणाली. लग्नाला एकोणचाळीस वर्षं झाली, तेवढ्यात हिचं "बरं" मी पाच-सहा वेळा ऐकलं असेल. वयाबरोबर समज येते म्हणतात, ती आली असावी.

४ फेब्रुवारी, गुरुवार

घरात एकदम पृथ्वी शिरली. हिच्या गाण्याच्या वर्गातल्या एका बाईंची मुलगी भूगर्भशास्त्रज्ञ आहे. तिला एक यंत्र बसवायला उघडी, भक्कम गच्ची हवी होती. हिने मला न विचारता आमची देऊन टाकली. मुलगी आज आलीच. तिशीची असेल, बुटांना चिखल, पाठीवर पोतंभर सामान. हिने तिचं नाव लगेच शास्त्रीणबाई ठेवलं, मीही तेच लिहितो.

ही दूध तापवत होती. शास्त्रीणबाईंनी त्या पातेल्यावरच मला पृथ्वी शिकवली. मधोमध गाभा, लोखंडाचा. आतला घट्ट, बाहेरचा वितळलेला. त्याच्यावर प्रावरण. तो खडकच, पण इतका तापलेला की वर्षानुवर्षं हळूहळू वाहत राहतो. आणि सगळ्यात वर, सायीसारखा, आपण राहतो तो घट्ट थर. ही साय अखंड नाही. तिचे मोठमोठे तुकडे आहेत, त्यांना भूपट्ट म्हणतात, आणि ते खालच्या उष्णतेमुळे सरकत राहतात. दोन तुकडे एकमेकांवर रेटले की सुरकुती पडते, तिला आपण डोंगर म्हणतो.

"आणि याला किल्ली कोण देतं?" मी विचारलं. घड्याळजीला हाच प्रश्न पडणार.

"आतली उष्णता, काका. अजून अब्जावधी वर्षं पुरेल."

अशा बनावटीचा माल मी आजवर पाहिलेला नाही.

वेग किती, तर आपली नखं वाढतात तितका. वर्षाला साधारण चार सेंटीमीटर. तो मोजायला गच्चीवर एक जाड, सहा फुटी लोखंडी दांडा पुरायचा आणि त्याच्या डोक्यावर पांढऱ्या वाडग्यासारखं यंत्र बसवायचं. ते आकाशातल्या उपग्रहांच्या घड्याळांकडून वेळ घेऊन आपली जागा मिलिमीटरपर्यंत सांगतं. उपग्रहांतली घड्याळं कोण दुरुस्त करतं हेही मी विचारलं. कोणी नाही म्हणाल्या. वाटलंच होतं.

सगळं ठीक होतं, पण शेवटी बाई म्हणाल्या, "फक्त सहा महिने आसपास उंच बांधकाम नको. भिंत आली की आकाश झाकतं."

मी हिच्याकडे पाहिलं. ही म्हणाली, "अगंबाई, हो का? आता शास्त्रापुढे आपलं काय चालणार?" आणि दुधात फुंकर मारत राहिली. गवंड्याला ऑगस्टपर्यंत थांबायला सांगितलं. विज्ञानासाठी माणसाने एवढा त्याग करायला हवा.

८ फेब्रुवारी, सोमवार

दांडा बसला. बाईंना तो गच्चीच्या मध्यावर हवा होता. हिने पश्चिम कडेचाच आग्रह धरला, तिथे खालची भिंत भक्कम आहे म्हणे. हिला बांधकामातलं इतकं कळतं हे मला ठाऊक नव्हतं.

माझे गुडघे दोन वर्षांपासून गच्चीच्या एकोणीस पायऱ्या चढू देत नाहीत, त्यामुळे मी खालूनच देखरेख केली. दांड्याला धक्का लागला तर सगळी मोजणी वाया, म्हणून बाईंनी दर शुक्रवारी लेखी कळवायला सांगितलं आहे. त्या एका ओळीवर समाधान मानणार होत्या. मी म्हटलं, असं मोघम चालत नाही. प्रतिज्ञापत्राचा मसुदा मीच केला: "या सप्ताहात कोणाही इसमाने सदर दांड्यास हात, पाय, कोपर, खांदा अथवा डोके लावलेले नाही." यात पळवाट राहिलेली नाही.

वर जाऊन बघण्याचं काम हिच्याकडे. ती पाहून येणार, मी सही करणार.

आजपासून डाव्या करंगळीचं नख कापायचं नाही, असंही ठरवलं आहे. यंत्र पृथ्वी मोजेल, मी नख मोजेन. एकाच मोजणीवर विसंबून राहणं आमच्या धंद्यात बसत नाही.

१९ फेब्रुवारी, शुक्रवार

प्रतिज्ञापत्र क्रमांक दोन. हिला नेहमीप्रमाणे विचारलं, "हात लागला का कोणाचा?"

"हात कोण कशाला लावेल?"

"पाय?"

"अहो, सहा फुटांवर पाय कोणाचा पोचतो?"

"कोपर? डोकं?"

"डोकं तुमचं आहे खाली. सही करा."

सही केली.

२ मार्च, मंगळवार

शास्त्रीणबाई दुकानात आल्या. लॅपटॉपवर आलेख दाखवला आणि म्हणाल्या, "काका, तुमचं घर विचित्र वागतंय."

आलेखात रेघ सरळ जाते, आणि दर मंगळवारी व शनिवारी सकाळी दहाच्या सुमाराला दांडा एकदम पश्चिमेला सहा मिलिमीटर झुकतो. मग हळूहळू मागे येतो, दुपारी तीनपर्यंत जवळजवळ जागेवर. पण पूर्ण नाही. दर आठवड्याला एखादा मिलिमीटर पश्चिमेलाच राहून जातो. बाकी सगळी केंद्रं शिस्तीत चालली आहेत, फक्त आमचंच असं.

"काही भेगांवर जमीन धक्का न देता हळूहळू घसरते," बाई म्हणाल्या, "तशा घटना ठरावीक काळाने होतात. पण आठवड्यातून दोनदा? आणि कामाच्या वेळेत?"

पश्चिमेला काय आहे? धाकट्याचं घर. म्हणजे आमचं घर आपल्या पायाने त्याच्याकडे निघालं आहे, आणि तेही माझी परवानगी न घेता.

हिला सांगितलं तेव्हा हिच्या हातातली वाटी पडली. मी धीर दिला, घाबरू नकोस म्हटलं, फार सावकाश जातंय.

६ मार्च, शनिवार

सकाळी दहापासून दुकान उघडं ठेवून बोळात स्टूल टाकून बसलो, हातात थांबघड्याळ. जमीन सरकताना ऐकू येतं का ते बघायचं होतं. काही ऐकू आलं नाही. वरून मात्र पाण्याचे थेंब पडत होते. हिने गच्ची धुतली असणार. मान वर करून बघणार होतो, पण मानही गुडघ्यांच्या वळणावर गेली आहे.

धाकटा त्याच्या दारात येऊन उभा राहिला. मी बोळात स्टुलावर का बसलोय हे त्याला कळेना. विचारावं असं त्याला वाटलं असेल. मलाही सांगावंसं वाटलं, कारण एवढी मोठी गोष्ट सांगायला माणूस हवा. दोघांनीही घसा साफ केला आणि आत गेलो.

१३ मार्च, शनिवार

शंका आली की धाकटाच काहीतरी करत असणार. काहीतरी ओढतोय. पण घर ओढायचं म्हणजे ताकद लागते, आणि तो लहानपणी बादलीसुद्धा दोन हातांनी उचलायचा. बारीक होता. मी त्याच्या वाटचं पाणी भरायचो. हा मुद्दा इथे गैरलागू आहे.

गणित केलं. बोळ आठ फूट, म्हणजे दोन हजार चारशे अडतीस मिलिमीटर. आठवड्याला एक मिलिमीटर धरला तर आमची घरं सत्तेचाळीस वर्षांनी एकमेकांना लागतील. मी तेव्हा एकशे तेरा वर्षांचा असेन. तोवर भिंत व्हायलाच हवी.

९ एप्रिल, शुक्रवार

प्रतिज्ञापत्र क्रमांक नऊ. हिच्या हाताला अलीकडे वेगळीच चव आली आहे. काल वांग्याची भाजी तोंडात टाकली आणि क्षणभर वाटलं, ही धाकटीच्या हातची. धाकटी म्हणजे धाकट्याची बायको. तिच्या हातची भाजी सहा वर्षांत खाल्लेली नाही, पण जीभ विसरत नाही. हिला म्हटलं तसं. ही म्हणाली, "दोघींच्या सासूबाई एकच, शिकवणार पण एकच." बरोबर आहे.

आणखी एक. माझ्या चष्म्याचा स्क्रू महिनाभर ढिला होता. आज चष्मा घातला तर कान पकडून बसला. काचाही लख्ख. चष्म्याच्या घरात मऊ पिवळं फडकं सापडलं. हिला विचारलं तर म्हणाली, आपोआप घट्ट झाला असेल. स्क्रू आपोआप ढिले होतात, घट्ट होत नाहीत, हे मी चाळीस वर्षं पाहतोय. पण पृथ्वीच अशी वागायला लागल्यावर स्क्रूला काय बोलायचं?

२० एप्रिल, मंगळवार

चार दिवस लेक, जावई, त्याचे आईवडील आणि दोन नाती राहून गेले. काल संध्याकाळी निघाले. आज सकाळी साडेदहाला दांडा एका फटक्यात चौदा मिलिमीटर पश्चिमेला! आजवरचा उच्चांक. शास्त्रीणबाईंचा तातडीचा फोन आला, "काका, काल-परवा घरात काही विशेष?"

म्हटलं, "पाहुणे होते. पण ते गेल्यावर घर हललं. भार कमी झाला की जमीन उसळते, तसं असेल का?"

त्या म्हणाल्या, "पाहुणे किती होते?" सहा, म्हटलं. "म्हणजे चादरी, अभ्रे वगैरे..." म्हणाल्या आणि थांबल्या. फोन हिला द्यायला सांगितला. दोघी काय बोलल्या कळलं नाही, पण ही तोंडाला पदर लावून बोलत होती आणि तिचे खांदे हलत होते. भावनाविवश झाली असावी. शेवटी शोध तिच्याही घरात लागतोय.

१५ मे, शनिवार

हिने एक मनगटी घड्याळ दुरुस्तीला आणून दिलं. गाण्याच्या वर्गातल्या एका बाईंच्या यजमानांचं आहे म्हणाली. तपकिरी पट्टा, मागच्या झाकणावर चाकूने खरडल्याची खूण. बॅटरी संपली समजून कोणीतरी झाकण उचकटलं होतं. हे किल्लीचं घड्याळ आहे एवढंही कळू नये! असा धसमुसळेपणा मी आयुष्यात एकाच माणसाचा पाहिला आहे.

घड्याळ ओळखीचं वाटलं. त्याला पहिली नोकरी लागली तेव्हा मी त्याला असंच दिलं होतं. त्या काळी अशी पुष्कळ खपली.

तीन तास लागले. सगळं उघडलं, धुतलं, तेल दिलं. पट्ट्याला एक भोकही जास्त पाडलं. धाकट्याचं मनगट बारीक आहे. म्हणजे ज्या कोणाचं आहे त्याचं.

१८ जून, शुक्रवार

पाच दिवस पावसाची झड लागली होती. मंगळवार आला आणि गेला, दांडा हलला नाही! गेल्या पावसाळी शनिवारीही असंच झालं होतं. माझा सिद्धांत असा: पाणी मुरल्याने जमिनीचे सांधे फुगतात आणि घट्ट होतात, पावसाळ्यात लाकडी दारं बसतात तसे. म्हणून भूपट्ट थांबतो. शास्त्रीणबाईंना चार पानी पत्र लिहिलं. त्यांचं एका ओळीत उत्तर आलं: "काका, तुमचं निरीक्षण फार मोलाचं आहे, कारण चुकीचं असेल पण प्रामाणिक आहे." हे कौतुक की काय, ठरवता येत नाही.

दुकानात गिऱ्हाइकांना आता मी घड्याळाआधी भूपट्ट सांगतो. काहीजण घड्याळ न देताच जातात.

करंगळीचं नख तेरा मिलिमीटर. काल खणात अडकून मोडता मोडता वाचलं. वडिलांच्या घड्याळाच्या किल्लीने वाचवलं, नेमकी ती मध्ये आली.

१६ जुलै, शुक्रवार

शास्त्रीणबाई या महिन्याच्या शेवटी मोठ्या परिषदेत हा आलेख मांडणार आहेत. त्याआधी दांडा प्रत्यक्ष बघायला येत्या शनिवारच्या पुढच्या शनिवारी, चोवीस तारखेला, अकरा वाजता येतील. मी ठरवलं आहे, त्या दिवशी स्वागताला मी गच्चीवर हजर असणार. एकोणीस पायऱ्या तर एकोणीस.

हे ऐकून हिने तेलाची बाटली पुढे केली आणि माझ्या गुडघ्यांची इतकी काळजी केली की मला भरून आलं. डॉक्टरांनी मनाई केली आहे, घेरी येईल, पाय घसरेल. शेवटी म्हणाली, "शनिवारी नका, रविवारी चढा." शास्त्राला वार नसतो, मी म्हटलं.

२४ जुलै, शनिवार

आजचं आजच लिहायला हवं.

शास्त्रीणबाई अकराला येणार होत्या. ही अंघोळीला गेल्याची संधी साधून मी पावणेअकरालाच चढायला लागलो. दर तीन पायऱ्यांना थांबलो. वर पोचलो, दार ढकललं.

माझा पट्ट्यापट्ट्यांचा सदरा समोरच होता. हवेत. त्याच्या शेजारी धाकट्याचा निळा सदरा, मग हिची साडी, मग धाकटीची, मग दोन चादरी, पाणी ठिबकतंय. दोरी दांड्याच्या गळ्यापासून निघाली होती आणि बोळावरून थेट धाकट्याच्या गच्चीच्या कठड्यापर्यंत गेली होती. दोन्ही टोकांना कप्प्या. दोरी ओढली की कपडे इकडून तिकडे जातात. मध्ये एक टोपली लटकत होती. तिच्यात झाकलेलं पातेलं, माझं शब्दकोडं सोडवलेलं वर्तमानपत्र आणि एक चष्म्याचं घर.

पलीकडच्या गच्चीवर धाकटी तोंडात चिमटे धरून उभी होती. मला बघून तिने चिमटे गिळले असते. "दादा," एवढंच म्हणाली, आणि चिमटे पडले.

मागून ही आली, केस ओले.

"कधीपासून?" मी विचारलं.

"तुम्ही बोलणं सोडलंत त्याच्या पुढच्या मंगळवारपासून. आधी टाकीला बांधायचो, दोरी खाली यायची. दांडा आला, सोय झाली. दर शनिवारी जरा ताणून घेते."

"मी चोवीस प्रतिज्ञापत्रांवर सही केली!"

"खोटं कुठे आहे त्यात? हात, पाय, कोपर, खांदा, डोकं. दोरीचं तुम्ही विचारलंच नाहीत."

कठड्याला टेकून बसलो. राग येत होता, तो कोणावर काढायचा कळत नव्हतं. सहा वर्षं माझ्या डोक्यावर दुसरं घर चालू होतं आणि मी खाली बसून घड्याळं लावत होतो. त्याहून वाईट म्हणजे शास्त्रीणबाई. परिषद तीन दिवसांवर. माझ्या सहीवर विसंबलेल्या त्या बाईंची अब्रू जाणार. मी ठरवलं, जे असेल ते सांगून टाकायचं. त्या आल्या, मी उभा राहिलो आणि सगळं सांगितलं. शरमेने मान खाली गेली.

त्या हसल्या. इतक्या हसल्या की कठडा धरावा लागला.

"काका, मला एप्रिलपासून माहीत आहे. चौदा मिलिमीटर म्हणजे सहा माणसांच्या ओल्या चादरी. मी काकूंना विचारलं, त्यांनी कबूल केलं. भूपट्ट सरकतात, पण मंगळवार-शनिवार बघून नाही, आणि पावसात सुट्टी घेत नाहीत."

"मग बोलला का नाहीत?"

त्यांनी हिच्याकडे पाहिलं. "काकू म्हणाल्या, दोरी सोडली तर तुम्ही कारण विचाराल. आणि दांडा हलवला तर भिंत होईल."

मग त्यांनी लॅपटॉप उघडला, चादरीच्या सावलीत. म्हणाल्या, परिषदेत त्या हेच मांडणार आहेत: मोजणीत घरच्या गोष्टी कशा शिरतात आणि त्या कशा ओळखायच्या. आलेखातून त्यांनी आमचे कपडे वजा केले होते. सदरे, साड्या, चादरी, सगळं. दर आठवड्याचा दोरीचा ताणसुद्धा. खाली एक सरळ, शांत रेघ उरली होती, सावकाश वर चढणारी.

"हा खरा पट्टा," त्या म्हणाल्या. "आणि तुमचं घर काही तिकडे निघालेलं नाही. तुमचं घर आणि तुमच्या भावाचं घर एकाच पट्ट्यावर आहे, काका. या सहा वर्षांत दोघंही तेवीस सेंटीमीटर सरकलात. एकाच दिशेला. मध्ये आठ फूट होते, अजून आठच आहेत."

मी वीत पसरून बघितली. तेवीस सेंटीमीटर म्हणजे माझी एक वीत आणि वर थोडं. बोलत नव्हतो तरी एवढं बरोबर गेलो. मला रडू आलं, आणि ते दोन बायका आणि एक शास्त्रज्ञ यांच्यासमोर आलं. धाकटीने पलीकडून कप्पी ओढून माझाच रुमाल पाठवला. ओला होता.

उतरायला पाऊण तास लागला.

७ ऑगस्ट, शनिवार

दांडा काल निघाला, शाळेच्या मैदानावर गेला. तिथे कपडे वाळत घालत नाहीत. शास्त्रीणबाईंनी परिषदेत आमच्या दोरीचा फोटो दाखवला, टाळ्या पडल्या म्हणे. फोटोत माझा सदरा आहे.

गवंडी सोमवारी यायचा आहे, मी त्याला नको म्हटलेलं नाही. ही भिंतीचं नाव काढत नाही. कालपासून कपडे घरातच दोरीवर आहेत, आणि आज दुपारची भाजी हिच्या स्वतःच्या हातची होती. बरी होती.

धाकट्याला हे सगळं माहीत होतं का, असं मी हिला विचारलं. ही म्हणाली, "चष्मा कोणाचा, हे त्याला कळणार नाही? नंबर त्याने काढलाय." मग म्हणाली, "आणि घड्याळ कोणाचं, हे तुम्हाला कळलं नव्हतं?"

मी दुकानात जाऊन एक चालू घड्याळ उघडून बसलो.

९ ऑगस्ट, सोमवार

गवंडी आठला आला, विटांची गाडी घेऊन. मी त्याच्यामागून गच्चीवर चढलो, आता सवय झाली आहे. "मध्ये भोक नको ना?" त्याने विचारलं.

म्हटलं, भिंत नको. पश्चिम कडेला एक खांब पूर. चांगला जाड, दोन फूट खोल, चादरी किती का असेनात, केसभर हलता कामा नये. त्याने विटांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. विटा परत ने म्हटलं. ही मागे उभी होती, "बरं" सुद्धा म्हणाली नाही. नाक ओढलं फक्त.

१० ऑगस्ट, मंगळवार

सिमेंट वाळायला आणखी दोन दिवस द्यायला हवे होते, पण दोघी थांबल्या नाहीत. दहाला दोरी चढली.

मी अकराला वर गेलो. टोपलीत हिने पातेलं ठेवलं होतं. मी त्याच्याशेजारी किल्ली ठेवली. वाटेत पडू नये म्हणून तिला चिमटा लावला. चिठ्ठी लिहावी का, असा विचार केला. काय लिहायचं सुचेना. कप्पी ओढली. टोपली बोळावरून हलत हलत गेली, पलीकडे धाकटीने उचलली, पातेल्याकडे पाहिलंही नाही, आत पळाली.

मग काही नाही. साडेअकरा, बारा. दुकानात येऊन बसलो. एका गिऱ्हाइकाच्या घड्याळाला चुकीची काच बसवली. एक वाजता वाटलं, नको होतं करायला. तो म्हणेल, सहा वर्षांनी आली अक्कल. दोन वाजता वाटलं, किल्ली गंजली असेल. मग वाटलं, लंबक अडकला असेल. त्याला काढता येणार नाही, त्याला कधी येतच नव्हतं.

पावणेचारला बोळाकडची खिडकी उघडी होती आणि पलीकडून टोला पडला.

मी मोजले. नऊ.

पावणेचारला नऊ! किल्ली दिली आणि काटे हलवायचे सोडून दिले. इतकी वर्षं चष्मे विकतोय, पण समोरच्या तबकडीवर किती वाजलेत ते दिसत नाही. शिवाय कान दिला तर टिकटिक सारखी पडत नाही, म्हणजे घड्याळ भिंतीवर तिरकं लागलंय. असंच ठेवलं तर रात्रीपर्यंत बंद पडेल.

खणातून बारीक पेचकस आणि तेलाची कुपी घेतली. नखामुळे पेचकस नीट धरता येईना, म्हणून आधी करंगळीचं नख कापलं. अठरा मिलिमीटर भरलं. हिने दुकानाच्या दारातून विचारलं, "कुठे निघालात?"

म्हटलं, "घड्याळ लावून येतो."